जास्त मॅग्नेशियम घातल्यावर काइनेज मंद का होतो? दोन धातू आयन आणि त्यांची दुहेरी कामगिरी

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. तुम्ही मुंबईत पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात आहात. पीकेएच्या (प्रोटीन काइनेज ए) कुटुंबातला एक सेरीन-थ्रिओनीन काइनेज, म्हणजे एटीपीवरचा फॉस्फेट प्रथिनातल्या सेरीन किंवा थ्रिओनीनवर चढवणारा एंझाइम, तुम्ही शुद्ध केलाय. एटीपी १ मिलिमोलरवर ठेवून मॅग्नेशियम ०.५ पासून २० मिलिमोलरपर्यंत वाढवलंत. वेग २ मिलिमोलरला सर्वांत जास्त आला आणि २० ला निम्म्यावर उतरला. मॅग्नेशियमऐवजी मँगनीज घातलं तर वेग पाव झाला. डीएफजी (अ‍ॅस्पार्टेट-फेनिलअ‍ॅलॅनिन-ग्लायसीन) तुकड्यातलं अ‍ॅस्पार्टेट बदलून अ‍ॅलॅनिन केलं तर काहीच उरलं नाही. तुमचा प्रश्न असा, की मॅग्नेशियमचं काम एटीपी धरून ठेवणं एवढंच असेल, तर जास्त मॅग्नेशियमने नुकसान का व्हावं? आणि एक आयन पुरत असेल तर रचनेत दोन कशाला दिसतात?

तुमचे गाइड म्हणतात त्याप्रमाणे सगळे १० मिलिमोलर वापरतात हे खरं आहे, पण ती सवय आहे, कारण नव्हे. शिवाय ‘एटीपी धरून ठेवणं’ ही पाठ्यपुस्तकातली ओळ अर्धीच आहे. धातू आयन एटीपी धरतो, रसायन घडवायला मदत करतो आणि एक फॉस्फेट गेल्यावर उरलेलं एडीपीही धरून ठेवतो. तुमच्या तक्त्यातला उतार बहुधा या तिसऱ्या कामाचा आहे. ‘बहुधा’ म्हणतोय, कारण हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे: काइनेज कोणत्या घराण्यातला आहे, वेग कोणत्या पद्धतीने मोजला आणि मॅग्नेशियमसोबत नळीत आणखी काय बदललं. त्यांच्याकडे नंतर येतो. आधी सक्रिय स्थळ डोळ्यांसमोर आणू, कारण उत्तर तिथेच आहे.

काइनेजच्या रचनेचं पहिलं दर्शन १९९१ साली झालं. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुझन टेलर आणि सहकाऱ्यांनी पीकेएच्या उत्प्रेरक भागाचा स्फटिक सोडवला. पुढे १९९३ मध्ये एटीपी, मँगनीज आणि निरोधक पेप्टाइड असं सगळं जागेवर असलेली रचना आली. अमिनो आम्लांचे क्रमांक मी पीकेएचेच देतो, तुमच्या काइनेजमधली समांतर अमिनो आम्लं क्रमवारी जुळवून शोधता येतील.

एटीपी दोन खंडांच्या मधल्या फटीत बसतं. अ‍ॅडेनीन आत, फॉस्फेटची शेपटी बाहेरच्या दिशेने (आतून बाहेर अल्फा, बीटा, गामा). वरच्या खंडातलं ग्लायसीनयुक्त वळण फॉस्फेटांवर झाकणासारखं येतं. लायसिन ७२ हे अल्फा आणि बीटा फॉस्फेटला धरतं, आणि त्या लायसिनला ग्लुटामेट ९१ जागेवर ठेवतं. खालच्या खंडात अ‍ॅस्पार्टेट १६६ आहे, ते ज्याच्यावर फॉस्फेट चढणार त्या सेरीनचा हायड्रॉक्सिल गट नेमक्या दिशेला वळवून ठेवतं. हे अ‍ॅस्पार्टेट प्रोटॉन सुरुवातीलाच काढून घेतं की शेवटी, यावर बरीच वर्षं वाद झाला. आता पारडं ‘शेवटी’कडे झुकलेलं आहे.

या सगळ्याच्या मधोमध ते दोन आयन असतात. मॅग्नेशियमला सहा ऑक्सिजन हवे असतात, अष्टफलकाच्या सहा टोकांवर, साधारण २.१ अँगस्ट्रॉम अंतरावर. पहिला आयन बीटा आणि गामा फॉस्फेटचा एकेक ऑक्सिजन, अ‍ॅस्पार्टेट १८४ चे दोन्ही ऑक्सिजन आणि पाण्याचे दोन रेणू घेतो. दुसरा आयन अल्फा आणि गामा फॉस्फेटचा एकेक ऑक्सिजन, बीटा-गामामधला पुलाचा ऑक्सिजन, अ‍ॅस्पार्टेट १८४ चा एक, अ‍ॅस्पॅरजिन १७१ चा एक आणि पाण्याचा एक रेणू घेतो. कागदावर काढून बघा, दोन्हीकडे सहा भरतील. हे चित्र माझ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून मी हाताने काढून घेतो. स्क्रीनवर फिरवून बघितलेलं डोक्यात राहत नाही, काढलेलं राहतं.

चित्रात दोन गोष्टी लगेच दिसतात. पहिली अशी, की अ‍ॅस्पार्टेट १८४ एकटं दोन्ही आयन धरून आहे. तुम्ही बदललेलं डीएफजीमधलं अ‍ॅस्पार्टेट ते हेच. म्हणून तुमच्या उत्परिवर्तनाने धातूच्या दोन्ही जागा एकदमच गेल्या. दुसरी गोष्ट म्हणजे पुलाचा ऑक्सिजन. फॉस्फेट सेरीनकडे जाताना बंध तिथेच तुटतो आणि सुटणारा ऋणभारही तिथेच साचतो. दुसरा आयन बरोबर तिथे बसलाय.

एटीपीच्या शेपटीवर साधारण चार ऋणभार असतात. ते उघडे असतील तर सेरीनचा ऑक्सिजन जवळ येतानाच ढकलला जाईल. दोन आयन हा भार शमवतात, शेपटी योग्य कोनात वाकवतात आणि बंध तुटताना साचणारा भार पेलतात. संक्रमण अवस्थेत गामा फॉस्फरस आणि त्याचे तीन ऑक्सिजन जवळपास सपाट होतात, एका बाजूला एडीपी, दुसऱ्या बाजूला सेरीन. या अवस्थेची प्रतिकृती अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइड वापरून स्फटिकात पकडली गेली, २००२ साली मधुसूदन आणि टेलर यांच्या गटाकडून. सपाट अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइड बरोबर मधे बसलेलं त्यात दिसतं. ‘धातू फक्त एटीपी धरतो’ असं ज्यांना वाटतं त्यांनी ती रचना एकदा उघडून बघावीच.

आता तुमच्या उताराकडे. पीकेएवर जलद मिश्रणाची जी मोजमापं झाली, त्यांतून असं दिसलं की फॉस्फेटचं हस्तांतरण सेकंदाला सुमारे ५०० वेळा होऊ शकतं. पण पूर्ण चक्राचा वेग सेकंदाला सुमारे २० च आहे. म्हणजे रसायन झटपट उरकतं आणि एंझाइम थांबून राहतो. कशासाठी? एडीपी बाहेर पडण्यासाठी. दादरला गाडी वेळेवर येऊन काय उपयोग, उतरणारे दारात अडकले तर चढणारे फलाटावरच राहतात.

गामा फॉस्फेट गेल्यावर उरलेल्या एडीपीला आयन अजून धरून असतात. मॅग्नेशियम वाढवलं की दुसरी जागा भरलेली राहण्याची शक्यता वाढते आणि एडीपी आणखी घट्ट बसतं. पीकेएमध्ये जास्त मॅग्नेशियमला कमाल वेग घटतो, आणि त्याच वेळी एटीपीचा केएम (निम्मा कमाल वेग देणारी एटीपीची मात्रा) सुद्धा घटतो. या दोन गोष्टी जोडीने बघायच्या. दुसरा आयन न्यूक्लिओटाइडला घट्ट करतो, मग ते एटीपी असो की एडीपी. घट्ट धरण्याचा फायदा आत येताना, तोटा बाहेर जाताना. तुम्ही एटीपी १ मिलिमोलरवर ठेवलंय, तो बहुधा केएमच्या कितीतरी वर आहे, म्हणून तुम्हाला फक्त तोटा दिसला. हाच प्रयोग १० मायक्रोमोलर एटीपीवर केलात तर जास्त मॅग्नेशियम कदाचित फायद्याचं दिसेल. जुन्या लेखांमध्ये दुसऱ्या आयनाला ‘निरोधक धातू’ म्हटलेलं सापडतं, त्याचं मूळ हे आहे. मला ते नाव पटत नाही. तोच आयन रसायनाला मदत करतो, त्याला निरोधक म्हटलं की विद्यार्थी त्याचं अर्धं काम विसरतात.

हे सगळ्या काइनेजना लागू नाही. एसआरसी आणि सीएसके या टायरोसीन काइनेजमध्ये दुसरा आयन स्पष्टपणे वेग वाढवतो, तिथे १० मिलिमोलर घालणं योग्यच. कोणती पायरी सर्वांत मंद आहे यावर निकाल ठरतो. रसायन मंद असेल तर दुसरा आयन मित्र, एडीपीची सुटका मंद असेल तर अडथळा. आणि एक टोकाचं उदाहरण, जे मला फार आवडतं. सीएएसके नावाच्या प्रथिनात डीएफजीऐवजी जीएफजी आहे, म्हणजे धातू धरणारं अ‍ॅस्पार्टेटच नाही, आणि अ‍ॅस्पॅरजिनच्या जागी सिस्टीन. सगळ्यांनी त्याला मृत काइनेज ठरवलं होतं. २००८ मध्ये दाखवलं गेलं की ते मॅग्नेशियमशिवाय फॉस्फेट हस्तांतरित करतं, संथपणे, आणि मॅग्नेशियम घातलं की उलट थांबतं. तेव्हा नुसती क्रमवारी वाचून ‘हा चालणार नाही’ असं लिहू नका.

इथवरचं सार एवढंच: दोन आयन, दोन्ही एकाच अ‍ॅस्पार्टेटवर टेकलेले, दोघेही येताना, घडताना आणि जाताना हजर. तुमचा उतार या चित्रात बसतो. पण बसतो म्हणून तो खरा असेलच असं नाही, आणि गाइडपुढे तक्ता ठेवण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा. मी स्वतः यांतल्या एकीपायी दोन महिने घालवले आहेत.

सर्वांत आधी, वेग कसा मोजता? एडीपीवरून प्रकाश मोजणारं किट वापरत असाल तर त्यातला ल्युसिफरेज स्वतः मॅग्नेशियमवर चालतो. किटच्या द्रावणात पुरेसं मॅग्नेशियम असतंच असं नाही. एनएडीएच ३४० नॅनोमीटरवर बघणारी जोड-चाचणी (एडीपीला दुसऱ्या एंझाइमांशी जोडून मोजणारी) असेल तर तिच्यातल्या पायरुव्हेट काइनेजला मॅग्नेशियम आणि पोटॅशियम दोन्ही लागतात. म्हणजे मॅग्नेशियम बदलताना तुम्ही मोजपट्टीसुद्धा बदलताय. माझे दोन महिने इथेच गेले. कमी मॅग्नेशियमला वेग कमी येत होता, त्यावर मी एक सुंदर स्पष्टीकरण रचलं होतं, आणि प्रत्यक्षात मंद झाला होता तो जोडीचा एंझाइम. उपाय सोपा आहे: प्रत्येक मॅग्नेशियम पातळीवर काइनेज न घालता ठरावीक एडीपी घाला आणि संकेत सारखा येतो का बघा. येत नसेल तर आधी ते दुरुस्त करा.

मग मुक्त मॅग्नेशियमचा हिशेब. बाटलीतून घातलेलं मॅग्नेशियम आणि काइनेजला दिसणारं मॅग्नेशियम एक नसतं. एटीपी आणि मॅग्नेशियमच्या जोडीचा विघटन स्थिरांक (जितका लहान तितकी पकड घट्ट) ०.१ मिलिमोलर धरा, तुमच्या क्षार आणि पीएचप्रमाणे तो थोडा इकडेतिकडे असेल. १ मिलिमोलर एटीपीत १ मिलिमोलर मॅग्नेशियम घातलं तर जोडी होते सुमारे ०.७३ मिलिमोलर. उरलेलं ०.२७ मिलिमोलर एटीपी धातूविना हिंडत राहतं, आणि ते काइनेजच्या त्याच फटीसाठी स्पर्धा करतं. तुमच्या ०.५ मिलिमोलरच्या बिंदूवर तर निम्म्याहून जास्त एटीपी उघडंच आहे. म्हणून तक्त्याची डावी बाजू ही वेगळ्याच कारणाची गोष्ट आहे, उजव्या बाजूशी तिचा संबंध लावू नका. मी आलेखाच्या आडव्या अक्षावर कायम मुक्त मॅग्नेशियम लिहितो. पेशीत ते साधारण ०.५ ते १ मिलिमोलर असतं, त्यामुळे शरीरातल्या वागणुकीबद्दल बोलायचं असेल तर तोच पट्टा महत्त्वाचा. प्रथिन साठवलेल्या बफरमध्ये ईडीटीए असेल तर तेही वजा करा, ते मॅग्नेशियमला एकास एक गिळतं.

क्षाराचंही भान ठेवा. २० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडची आयनिक तीव्रता ६० मिलिमोलर होते, ०.५ ची फक्त दीड. काही काइनेज एवढ्या फरकाने पेप्टाइड सैल धरतात. सोडियम क्लोराइड घालून सगळ्या नळ्या ६० वर आणा, म्हणजे ०.५ च्या नळीत सुमारे ५८ मिलिमोलर जादा. एटीपीचा स्टॉक पीएच ७ वर आणला होता ना? सोडियम क्षाराची पूड नुसती पाण्यात विरघळवली तर द्रावण चांगलंच आम्लधर्मी असतं.

आणि एक खास आपल्या गावाची गोष्ट. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं. जून ते सप्टेंबर मुंबईत बाटली चार वेळा उघडली की आतली पूड ओली ढेकळं होते, आणि वजन करून केलेला १ मोलर स्टॉक प्रत्यक्षात बराच कमी भरतो. सहा पाण्याच्या रेणूंसह रेणुभार २०३.३, कोरड्याचा ९५.२, त्यातही गोंधळ होतो. तपासायला महागडं यंत्र नको. बी.एस्सी.ला पाण्याची कठीणता काढली होती आठवतं? तोच प्रयोग: अमोनिया बफर, पीएच १०, एरिओक्रोम ब्लॅक टी, ब्युरेटमध्ये ईडीटीए, वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा येईपर्यंत. अर्ध्या तासात खरा आकडा मिळतो. आमच्याकडे प्रत्येक नव्या स्टॉकच्या बाटलीवर तो आकडा आणि तारीख लिहिलेली असते.

मँगनीजबद्दल थोडक्यात. ते एटीपीला मॅग्नेशियमपेक्षा घट्ट धरतं, म्हणून वरचाच तर्क लावला तर पीकेएसारख्या एंझाइममध्ये वेग घटणं अनपेक्षित नाही. अनेक टायरोसीन काइनेज मात्र मँगनीजवर खूश असतात. पेशीत मुक्त मँगनीज फार थोडं असतं, तेव्हा तो वेग शरीरातला वेग म्हणून सांगू नका. क्षारीय बफरमध्ये ते हवेने तपकिरी होतं, स्टॉक ताजा घ्या. कॅल्शियमने तर जागा भरते, पण चक्र फिरणं जवळपास बंद पडतं, कारण तो आयन मोठा आहे आणि त्याला ऑक्सिजन साधारण २.४ अँगस्ट्रॉमवर लागतात.

तुमचं उत्परिवर्तन. शून्य आलं हे बरोबर, पण त्यातून ‘एटीपी बसत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. एटीपी बसलं आणि रसायन झालं नाही तरीही शून्यच येतं. पीकेएचं लायसिन ७२ बदलल्यावर वेग जातो, तरी एटीपी बसू शकतं हे माहीत आहे. प्रथिनाची घडी उलगडण्याच्या, म्हणजे वितळण्याच्या तापमानाची चाचणी करा, मॅग्नेशियम-एटीपी घालून आणि न घालता, म्हणजे बांधणी आणि रसायन वेगळं करता येईल. आणि दुसऱ्या आयनाबद्दलच बोलायचं असेल तर अ‍ॅस्पार्टेटऐवजी अ‍ॅस्पॅरजिन बदला, ते फक्त दुसऱ्यालाच धरतं.

हे अ‍ॅस्पार्टेट आत की बाहेर, यावर औषधंही उभी आहेत. एबीएल काइनेजमध्ये डीएफजीचा तुकडा उलटला की अ‍ॅस्पार्टेट फटीपासून दूर वळतं, धातूची जागाच मोडते, आणि त्या निष्क्रिय घडीत इमॅटिनिब जाऊन बसतं. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या गोळीने क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा वर्षानुवर्षं सांभाळता येणारा आजार केला. परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेरच्या गर्दीतून जाताना मला दरवेळी ते उलटलेलं अ‍ॅस्पार्टेट आठवतं. आपण नळीत जे मोजतो त्याचं टोक तिथे आहे.

पुढे स्फटिक करणार असाल तर एक इशारा आत्ताच. मॅग्नेशियम आयनात आणि पाण्याच्या रेणूत दहाच इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन घनतेवरून दोघांत फरक कळत नाही. अंतर २.१ अँगस्ट्रॉम आणि सहा शेजारी हीच ओळख. शंका असेल तर मँगनीज घालून दुसरा स्फटिक करा, त्याचा क्ष-किरणांतला असंगत (अ‍ॅनोमलस) संकेत स्पष्ट दिसतो, प्रयोगशाळेतल्या तांब्याच्या क्ष-किरण स्रोतावरही. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरणांचा स्रोत) भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रथिन स्फटिकांची किरणरेषा आहे, मुंबईच्या मुलांनी तिचा विचार जरूर करावा.

आता या आठवड्यात काय करायचं ते. स्टॉकचं अनुमापन करा, एडीपीचे नियंत्रण प्रयोग करा, क्षार सारखा ठेवून तोच तक्ता पुन्हा काढा, एकदा १ मिलिमोलर एटीपीवर आणि एकदा १० मायक्रोमोलरवर. उतार टिकला तर २० मिलिमोलर मॅग्नेशियमवर साखर घालून द्रावण घट्ट करत जा. एडीपीची सुटकाच अडत असेल तर घट्टपणाच्या प्रमाणात वेग उतरेल. रसायन मंद असेल तर त्याला साखरेची फारशी फिकीर नसते. पीकेएवर हीच युक्ती वापरून सुटकेची पायरी पकडली गेली होती. फक्त साखरेच्या प्रत्येक पातळीवरही एडीपीचं नियंत्रण ठेवा. दोन्ही तक्ते आणि अनुमापनाचा आकडा इथे टाका, मग अ‍ॅस्पॅरजिनचं उत्परिवर्तन करण्यात अर्थ आहे की नाही ते ठरवू.